कुठवर येतो?

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतो, की ज्याला 'कम्प्युटरमधलं कळतं' असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्याने कधीकाळी कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढलेला असतो, किंवा एखाद्या लग्नपत्रिकेतला फुटलेला मराठी फॉन्ट जुळवून दिलेला असतो. तेवढ्या भांडवलावर त्याची नेमणूक होते आणि ती तहहयात असते. आमच्याकडे ते पद माझ्याकडे आहे. मानधन म्हणून दिवाळीत चकल्यांचा एक डबा जास्तीचा येतो. फोन मात्र बाराही महिने येतात.

त्या फोनांवर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "लॅपटॉप चालू होत नाहीये." डोंबिवलीच्या मावशीचा फोन आला तो सप्टेंबरात. मावशी तिच्या सोसायटीची खजिनदार आहे. गृहनिर्माण संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरात तिच्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलता येत नाही. मेंटेनन्सचे हिशोब, सिंकिंग फंडाच्या ठेवी, आणि मुख्य म्हणजे थकबाकीदारांची यादी, सगळं त्या लॅपटॉपमध्ये.

"अरे, चालूच होत नाहीये हा."

"चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं?"

"म्हणजे होतो रे, पण होत नाही."

मला हे उत्तर फार आवडलं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्यात चूक काही नाही. किंबहुना बिघडलेल्या लॅपटॉपचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या माहितीपुस्तिकेत वाचलेलं नाही. लॅपटॉप चालू होणं ही एक घटना नाहीच. त्या काही सेकंदांत एकामागून एक बऱ्याच घटना घडतात, आणि यंत्र अडतं ते त्यांतल्या कुठल्यातरी दोघींच्या मध्ये. म्हणून अशा वेळी "काय बिघडलंय?" हा प्रश्न कामाचा नसतो. त्याचं उत्तर ठाऊक असतं तर फोन आलाच नसता. विचारायचं ते हे, की कुठवर येतो?

मिक्सरचं बटण दाबलं की वीज जोडली जाते आणि पातं फिरतं. लॅपटॉपचं बटण वीज जोडत नाही, नुसता निरोप देतं. तो घ्यायला मदरबोर्डावर एक छोटी चिप कायम जागी असते. आपण लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला तरी ती जागीच. दुरुस्तीवाले तिला 'आयओ' म्हणतात. निरोप मिळाला की ती कामाला लागते. अडॅप्टरमधून येणारे १९ व्होल्ट तसेच्या तसे कुणालाच चालत नाहीत. कुणाला ५ हवे असतात, कुणाला ३.३, डीडीआर-४ जातीच्या मेमरीला १.२ पुरतात, आणि प्रोसेसरला तर जेमतेम १ च्या आसपास. हे सगळे पुरवठे एकदम सुरू होत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो. एक पुरवठा स्थिर झाला की 'माझं ठीक आहे' असा संकेत देतो, आणि तो मिळाल्यावरच पुढचा उठतो. दुरुस्तीच्या भाषेत याला 'पॉवर गुड' म्हणतात. मधल्या एकाने जरी 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर त्याच्यापुढचं कुणी उठत नाही. शेवटचा 'पॉवर गुड' येईपर्यंत प्रोसेसरला हलू देत नाहीत.

आणि हलू दिलं तरी त्या क्षणी प्रोसेसर पुरता अडाणी असतो. त्याला एकच गोष्ट ठाऊक असते: पहिला हुकूम कुठल्या पत्त्यावर वाचायचा. हा पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या अवघे १६ बाइट अलीकडे असतो. म्हणजे हद्द संपायच्या आत १६ बाइटांची जागा. तेवढ्यात लिहून लिहून काय लिहिणार? तिथे फक्त 'अमुक ठिकाणी उडी मार' एवढंच लिहिलेलं असतं. उडी मारल्यावर जिथे पोचतो तिथे बायोस, किंवा हल्लीच्या यंत्रांत यूईएफआय, असतं. पण त्या वेळी रॅम अजून वापरण्याजोगी झालेलीच नसते. मग सुरुवातीचं काम भागवायला प्रोसेसरच्या पोटातली कॅश हीच तात्पुरती मेमरी म्हणून वापरायची, तिच्या आधारावर खऱ्या मेमरीची जुळणी करायची, आणि ती उभी राहिली की तिच्यावर पाय द्यायचा. त्यानंतर पडदा, कळफलक, डिस्क यांची हजेरी. हे सगळं उरकल्यावर कंपनीचं नाव पडद्यावर झळकतं. आपण ज्याला सुरुवात म्हणतो त्या लोगोच्या मागे एवढा प्रवास होऊन गेलेला असतो.

पुढे ऑपरेटिंग सिस्टिम शोधायची. जुन्या पद्धतीत बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलायचं आणि शेवटचे दोन बाइट ठरल्याप्रमाणे आहेत का, एवढंच पाहायचं. ते जुळले की बाकीच्या ५१० बाइटांत काय लिहिलंय याची चौकशी न करता सगळा कारभार त्यांच्या हाती सोपवायचा. हल्ली सिक्युअर बूट आल्यापासून सही-शिक्का तपासला जातो. तरी मूळ तत्त्व तेच राहिलं आहे. सगळी वाट कुणालाच ठाऊक नसते. प्रत्येकाला आपल्या पुढच्याला उठवण्यापुरतं येतं, आणि ते केलं की तो बाजूला होतो.

मला या सगळ्यात आवडतं ते हे, की इथे कुठल्याही टप्प्याला मोठं शहाणपण नाही. सोळा बाइट पाचशे बारा बाइटांपर्यंत नेतात, पाचशे बारा बाइट काही लाखांपर्यंत, आणि त्यातून अखेरीस मावशीची थकबाकीदारांची यादी उघडते.

फोनवरून निदान करायचं तर हाच प्रवास प्रश्नांत मांडावा लागतो. दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोकांना वाटतं, मी टाइमपास करतोय. पण पडदा काळा असताना कॅप्स लॉकचा दिवा नीट लागत-विझत असेल, तर आत कुणीतरी कळफलकाचं ऐकतं आहे आणि रोग बहुधा नुसत्या पडद्याचा आहे. मग खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरायचा. कधीकधी त्या काळोखात नेहमीची खिडकी पुसट दिसते: चित्र आलेलं असतं, फक्त मागचा उजेड गेलेला असतो. नाहीतर एचडीएमआयची वायर लावून टीव्हीवर काही दिसतं का ते पाहायचं. यातल्या एकाही प्रश्नाने काही दुरुस्त होत नाही. प्रत्येक प्रश्न फक्त एक दार लावतो, की इथवर सगळं ठीक आहे, इथे शोधू नका.

अगदीच दिवाही लागत नसेल, तर मी एक उपाय सांगतो. तो ऐकून मावशीच्या पिढीला उतारा काढल्यासारखं वाटतं आणि भाच्यांच्या पिढीला भोंदूगिरी. अडॅप्टर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची, आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. मग अडॅप्टर लावून पुन्हा एकदा बटण दाबायचं. बऱ्याचदा यंत्र काही झालंच नाही अशा थाटात उठतं. कारण सोपं आहे. ती सदा जागी असलेली आयओ चिप एखाद्या विजेच्या झटक्याने भलत्याच अवस्थेत अडकलेली असते, आणि बोर्डावरच्या कपॅसिटरांत उरलेल्या चार्जमुळे तिला ती अवस्था सोडता येत नाही. दाबून धरलं की तो चार्ज निचरून जातो आणि ती पहिल्यापासून सुरू करते. पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन खेळ करत असते अशा गावांत या उपायाला चांगलं यश आहे.

मावशीचा दिवा लागत होता, पंखा फिरत होता, कॅप्स लॉक मात्र ढिम्म होता. टॉर्चने काही दिसलं नाही, टीव्हीवरही काही नाही. म्हणजे वीज पोचली होती, पण प्रवास लोगोच्या अलीकडेच कुठेतरी थांबला होता. संशय मेमरीवर. लॅपटॉप घेऊन आम्ही डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो.

दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा. बाहेर पाटी, 'चिप लेव्हल रिपेअरिंग'. आत एक दुरुस्तीवाला, हाताखाली विशीच्या आतला एक पोरगा, आणि मांडीला मांडी लावून उघडे पडलेले लॅपटॉप. प्रत्येकावर चिकटपट्टीने कागद लावलेला: 'नो पॉवर', 'नो डिस्प्ले', 'ऑटो कट', 'शॉर्टिंग'. तो पहिला कागदच मला शिकण्यासारखा वाटला. दुकानात शिरताना सगळ्यांचं वाक्य एकच होतं, 'चालू होत नाही'. या माणसाने लॅपटॉप उघडायच्या आधी त्या एका वाक्याचे चार वेगवेगळे आजार केले होते. त्याचं निम्मं काम त्या कागदावरच उरकलेलं होतं.

त्याने मागचे स्क्रू काढून झाकणाच्या आतल्या बाजूला ज्या जागेवरून काढले त्याच आकृतीत मांडून ठेवले. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर दाबून सोडवली. ती आपोआप तिरकी वर आली. पट्टीच्या कडेवरचे सोनेरी दात त्याने उजेडात धरले. मलाही दाखवले. एका टोकाकडचे पाच-सात दात बाकीच्यांपेक्षा काळपट होते. मग खिशातून काढला तो कुठला महागडा द्रव नव्हे, शाळेतल्या पोरांचा पांढरा खोडरबर. एकाच दिशेने, हलक्या हाताने, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. "जोर नाही द्यायचा. वरचं सोनं नावाला असतं," तो पोऱ्याला म्हणाला. मग ब्रशने कण झाडले, खाचेतही ब्रश फिरवला. पट्टी तिरकी घालून खाली दाबली. दोन्ही चिमट्यांचा मिळून एकच 'टक्' आवाज झाला.

रॅमला खोडरबर लावणं हे आपल्याकडच्या दुरुस्तीतलं एक लोकवाङ्मय आहे. कंपनीच्या माणसाला सांगितलं तर तो कानांवर हात ठेवेल, कारण त्या सोन्याचा थर खरोखरच नावाला असतो आणि घासून घासून तो उडाला की खालचा धातू उघडा पडतो. पण डोंबिवलीच्या पावसाळी हवेत, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे त्या दातांवर पुटं चढतात हेही खरं. २६० दातांपैकी एकाचा संपर्क तुटला तरी मेमरीची जुळणी अडू शकते, आणि ती अडली की पडद्यावर तसं सांगायचीही सोय उरत नाही. पडदा पुढच्या टप्प्यावर असतो ना! म्हणूनच जुन्या काळापासून अशा वेळी यंत्रं शिट्ट्या वाजवतात, नाहीतर दिवे मिचकावतात. बोलता येण्याच्या आधीच्या दुखण्यासाठी केलेली ती सोय आहे.

दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं. पडदा काळाच. मावशीने माझ्याकडे पाहिलं. तो मात्र पोऱ्याशी बोलत राहिला, कारण मेमरी काढून घातल्यावर पहिल्या वेळी यंत्र तिची नव्याने जुळणी करतं आणि त्याला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं. घाईच्या माणसाने त्या वेळात पुन्हा बटण दाबून बंद केलं असतं आणि 'अजून तसंच आहे' म्हणून दुसरं काहीतरी उघडलं असतं. थोड्या वेळाने लोगो आला.

"आला!" मावशी म्हणाली.

लोगोखाली ठिपके गोल फिरू लागले. फिरत राहिले. आणि फिरतच राहिले.

एका दुखण्यामागे दुसरं लपलेलं असू शकतं, आणि पहिलं बरं झाल्याशिवाय दुसऱ्याचा पत्ताही लागत नाही, हे अशा साखळीत नेहमी होतं. मेमरीपाशी अडलेल्या यंत्राला डिस्क खराब आहे हे कळणार कसं? तिथवर ते पोचलेलंच नव्हतं. तिऱ्हाइताला वाटतं, दुरुस्तीवाल्याने एक नीट करताना दुसरं बिघडवलं. दुकानातली निम्मी भांडणं यावरून होत असावीत.

त्याने लॅपटॉप उचलून तळहाताच्या जागेपाशी कान लावला, मग मलाही ऐकवलं. आतून ठरावीक अंतराने हलकं 'टक्... टक्...' येत होतं. मावशीचा लॅपटॉप जुना, त्यात फिरती हार्ड डिस्क. त्यातल्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, आणि वाचणारं डोकं त्यांच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. त्या डोक्याला जागा सापडेनाशी झाली की ते मूळ ठिकाणी येतं, पुन्हा जातं, पुन्हा येतं. टक् आवाज त्या येरझारांचा.

लगेच त्याने बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला.

"काकू, एक सांगा. तुम्हाला लॅपटॉप पाहिजे की आतला डेटा?"

मावशीला प्रश्न कळला नाही. मला तो ऐकून त्या माणसाबद्दल आदर वाटला. कारण या टप्प्यावर दोन्हींच्या वाटा फुटतात. लॅपटॉप चालू करणं हेच ध्येय धरलं, तर यंत्राच्या स्वतःच्या दुरुस्तीच्या सोयी वापरायच्या. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा उठायला चुकलं की त्या आपण होऊनही पुढे येतात. पण त्या मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर पुन्हा पुन्हा वाचतात, लिहितात. आतला हिशोब हवा असेल, तर त्या डिस्कला एकदाही उगाच फिरवायचं नाही. रॅमपाशी अडलेलं यंत्र शंभरदा चालू-बंद केलं तरी त्याचं काही जात नाही. डिस्क टकटकते आहे अशा यंत्रात मात्र प्रत्येक 'बघू पुन्हा एकदा' काहीतरी घेऊन जातं. आणि माणसाचा स्वभाव असा, की जिथे थांबायला हवं तिथेच त्याचं बोट बटणाकडे सर्वांत जास्त वेळा जातं.

"यादी पाहिजे," मावशी म्हणाली. "सभेच्या आत."

डिस्क काढून ती एका यूएसबी डब्यात घालून दुकानातल्या दुसऱ्या कम्प्युटरला जोडली. फोल्डर उघडायला वेळ लागला, पण उघडलं. आधी फोटो की आधी व्हिडिओ असं काही नाही, आधी सोसायटी. हिरवी पट्टी थांबत-अडखळत सरकत होती. एका फाइलपाशी अडली तेव्हा त्याने ती सोडून पुढच्या घेतल्या आणि तिला शेवटी पुन्हा गाठलं. यादी आली. मावशीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि सोसायटीतल्या काही सभासदांची निराशा त्याच क्षणी निश्चित झाली. नव्या एसएसडीवर विंडोज चढवून लॅपटॉप दोन दिवसांनी न्यायचं ठरलं.

घरी येताना मावशीने विचारलं, "तू फोनवर नेहमी 'रीस्टार्ट कर' सांगतोस, त्याने काही होतं का खरंच, की टाळायला सांगतोस?"

काही वेळा टाळायलाही सांगतो. पण त्यात तथ्य आहे, आणि तेही जरा विचित्र. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पुरतं बंद करणं राहिलेलं नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून यंत्र आपला गाभा, ड्रायव्हरांसकट, आहे त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू लागतं. रात्री आत काही गुंता झालेला असेल तर तो गुंताही सकाळी जसाच्या तसा हजर. 'रीस्टार्ट' मात्र ही जपणूक करत नाही, सगळं पहिल्यापासून मांडतं. म्हणून रोज नेमाने बंद करणाऱ्या काटेकोर माणसाचं यंत्र महिनोन्महिने खऱ्या अर्थाने बंद झालेलंच नसतं.

साखळीत कोण किती आधी उठतो यावर किती अवलंबून असतं, हे जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. शुक्रवार होता. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. एका ठिकाणी २१ रकाने गृहीत धरले होते, प्रत्यक्षात २० च पुरवले जात होते. एकविसावा रकाना वाचायला गेलेला ड्रायव्हर नको त्या मेमरीत शिरला आणि यंत्र निळ्या पडद्यावर आलं. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर ८५ लाख यंत्रं पडली होती. त्या वेळात जी बंद होती ती वाचली.

खरा पेच पुढेच होता. फाइल मागे घेतली तरी पडलेली यंत्रं सावरेनात. चोराच्या आधी पहारा उभा राहावा म्हणून असला ड्रायव्हर उठण्याच्या क्रमात फार वर असतो. तोच कोसळला तर त्याच्यापुढचं काही उठत नाही. नेटवर्क नाही, म्हणून दुरून दुरुस्तीही नाही. सोसायटीच्या वॉचमनने आतून गेटला कुलूप लावावं आणि तिथेच चक्कर येऊन पडावं, तसला प्रकार. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन यंत्र उठवायचं, एका फोल्डरात जाऊन ती फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचं. पण हे प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन करायचं होतं, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली हाताने भरायची. अत्याधुनिक जग त्या दिवशी पेनावर आलं. आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

त्या दिवशी जगभरच्या आयटीवाल्यांनी जे केलं आणि डोंबिवलीच्या गाळ्यात जे झालं, ते मुळात एकच होतं. आधी अडलं कुठे ते पाहायचं. मग जास्तीचं काढून टाकत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक पडला तर कशाने पडला ते कळतं. रॅम, डिस्क आणि अडॅप्टर एकदम बदलून लॅपटॉप सुरू झाला तर लॅपटॉप मिळतो, कारण हाती लागत नाही.

कारण कधीकधी फारच क्षुल्लक निघतं. एका स्नेह्यांचा लॅपटॉप चालू व्हायचा, पण इंटरनेटवरची कुठलीही साइट उघडेना. सगळीकडे 'ही जागा सुरक्षित नाही' असा इशारा. त्यांनी व्हायरस म्हणून पैसे मोजायची तयारी केली होती. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर यंत्र कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डावर बटणाएवढी ३ व्होल्टची एक बॅटरी असते. तिच्या जिवावर एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून यंत्र वेळ ओळखतं. तो आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. बॅटरी संपली, लॅपटॉप वीज काढून ठेवला, आणि घड्याळ मागे गेलं. भूतकाळात उभ्या असलेल्या यंत्राला आजची प्रमाणपत्रं अजून लागूच न झालेली दिसत होती. त्याचा तर्क अचूक होता. बॅटरी किराणा दुकानातही मिळते.

या सगळ्या पायऱ्या पूर्वी दिसायच्या. जुन्या पीसीवर काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे भराभर चढत जायचे, मग डिस्कचं नाव यायचं, मग कळफलकाचं, आणि सगळं ठीक असल्याची एक बारीक शिट्टी. त्यातलं फारसं कुणाला कळत नसे. पण अडलं तर शेवटची ओळ फोनवर वाचून तरी दाखवता येई. आता लोगो आणि फिरते ठिपके. ग्राहकाला घाबरवू नये म्हणून कंपन्यांनी पायऱ्यांवर पडदा टाकला, आणि कुठे दुखतंय ते सांगायची ग्राहकाची सोय गेली. मावशीचं 'होतो, पण होत नाही' ही तिची अडचण नव्हती. तिला दाखवलंच तेवढं होतं.

पायऱ्या झाकणं एक वेळ चालेल. हल्ली त्या वितळवून एक केल्या जातात. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच झाळलेली असते, काहींत डिस्कही. मग खोडरबर काय कामाचा? मेमरी काढून पाहता येत नाही, डिस्क काढून दुसरीकडे वाचता येत नाही. 'लॅपटॉप पाहिजे की डेटा' हा प्रश्नच विचारायची सोय राहत नाही, कारण दोन्ही एकाच पाटीत अडकलेले. निदानाचं उत्तर आधीच छापून ठेवलेलं असतं: बोर्ड बदला. आणि बोर्डाची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवाच लॅपटॉप घेतं.

याची दखल घेतली जात नाही असं नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर तो दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. पण हक्क ग्राहकाचा मानला जातो, आणि त्या हक्काची बाजू चालवायची ती जिन्याखालच्या गाळ्याने.

मावशीचा लॅपटॉप आणायला गेलो तेव्हा तो पोऱ्या एकटाच बसला होता. समोर एक 'नो पॉवर'चा बोर्ड, हातात मल्टिमीटर. एका टोकापासून सुरुवात करून तो एकेक व्होल्टेज मोजत चालला होता आणि वहीत लिहीत होता: १९ आहे, ५ आहे, ३.३ आहे. मग एक जागा आली जिथे काटा हलला नाही. त्याने ओरडून उस्तादाला हाक मारली नाही. एक पाऊल मागे गेला, पुन्हा मोजलं, पुढे मोजलं, आणि दोन्हींच्या मधल्या एका तांदळाच्या दाण्याएवढ्या भागाभोवती पेन्सिलने गोल केला. कुठल्या शाळेत त्याला हे कुणी शिकवलेलं नसणार. ते त्याला वेगळ्या करता येणाऱ्या भागांनी शिकवलं होतं, एक काढून, दुसरा घालून, तिसरा मोजून. त्याच्यासमोर पुढच्या वर्षी येणाऱ्या लॅपटॉपांत असे भाग थोडे कमी असतील, त्यापुढच्या वर्षी आणखी कमी. तो बोर्ड बदलायला शिकेल, त्यात पैसेही बरे मिळतील. पण बोर्ड बदलणाऱ्याला कुठवर आला ते विचारावं लागत नाही, आणि जो प्रश्न विचारावा लागत नाही तो विचारायची सवय एका पिढीतच जाते. म्हणून घरातलं कुणी नवा लॅपटॉप घेताना माझा सल्ला मागतं तेव्हा मी वेग, रंग, वजन बाजूला ठेवून आधी त्याला उलटा करून बघायला सांगतो, की मागे साधे स्क्रू आहेत का आणि आतली रॅम निघते का. या सल्ल्यावर आजवर एकजणही खूश झालेला नाही. तरीही मी तो देत राहणार आहे.